अर्धा कोयता

"व्यवसाय काय लिहू?" बँकेतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं. अक्का खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती, कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्या मुलीकडं, आणि शाळेत बाईंनी उभं केल्यावर द्यावं तसं स्वच्छ उत्तर दिलं, "अर्धा कोयता." मुलीनं आता मान वर केली. बोलण्यावरून ती आमच्या भागातली नव्हती, तिला काही उमगलं नसावं. मागं रांग दारापर्यंत गेलेली, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. तिनं एकदा अक्काच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडं पाहिलं आणि 'गृहिणी' असं टाइप केलं. पडदा माझ्या बाजूला थोडा कललेला होता, त्यामुळं मला ते अक्षर न् अक्षर उमटताना दिसलं. मी पुण्याहून खास या कामासाठी आले होते. मला लिहिता-वाचता येतं, बोलता येतं, रोज अशाच अर्जांशी माझा संबंध असतो. आणि मी गप्प उभी राहिले.

ते अजून खुपतं.

२०२४ चा जुलै महिना होता. लाडकी बहीण योजना जाहीर झाली होती, महिन्याला दीड हजार, आणि ते बाईच्या स्वतःच्या, आधारला जोडलेल्या खात्यावर. बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाटोद्याच्या बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानांपुढं बायकांची ही गर्दी. ओल्या चपला, गरम कागदाचा वास, कुणाचं रेशनकार्ड कुणाच्या पिशवीत गेलेलं. कुणाच्या आधारवर माहेरचं नाव, कुणाच्या रेशनकार्डावर सासरचं, आणि जन्मतारीख तर बहुतेकींची एक जानेवारीच. अक्का तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. लग्न झाल्यापासून चोवीस हंगाम तिनं ऊस तोडलेला. तिनं डोक्यावरून वाहिलेल्या मोळ्या एकावर एक रचल्या तर आमच्या गावामागचा बालाघाटाचा डोंगर झाकून जाईल असं मला लहानपणापासून वाटत आलंय. पण बँकेत तिच्या नावाचं खातं नव्हतं. जनधनची खाती निघाली तेव्हा दाजींचं निघालं. घरात एक असलं म्हणजे झालं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. मलाही.

मी एका कंपनीत पगाराचं काम बघते. महिनाअखेरीला माझ्यासमोर जो तक्ता असतो त्यात एका ओळीत एक माणूस असतं. नाव, खाते क्रमांक, हजेरी, कपात, हातात येणारी रक्कम. दोन माणसं एका ओळीत बसवायची म्हटली तर संगणकच नकार देईल. ऊसतोडीला मजूर ठरवून नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत मात्र एका ओळीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो, आणि नाव नवऱ्याचं. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या ओळीवर दिली जाते, टनाचा हिशेब त्या ओळीवर लागतो, हंगामाच्या शेवटी बाकी निघाली तर तीही त्याच ओळीवर पुढच्या सालाला जाते. नवरा मेला, किंवा त्यानं सोडून दिलं, तर बाई अर्धा कोयता होते. मग तिला भाऊ शोधावा लागतो, दीर शोधावा लागतो, कुणाच्या तरी ओळीत शिरावं लागतं. अक्काला नवरा आहे, चांगला आहे, तरी ती स्वतःबद्दल बोलताना हाच शब्द वापरते. 'मी अर्धा कोयता, ते अर्धा.' तिच्या मते हा सरळ हिशेब आहे. त्यात रडगाणं अजिबात नाही, उलट थोडा ताठाच आहे. आपण निम्म्याच्या मालकीण आहोत असं ती सांगत असते.

तिच्या लग्नात मुकादम मांडवात, पाहुण्यांच्या ओळीत बसला होता.

सन २०००. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी तोंडावर. अक्का पंधराची, नववीत. मी दहाची. पंधरा दिवसांत सगळं उरकलं. मांडवाला हिरव्या डहाळ्या मिळाल्या नाहीत म्हणून दादांनी शेजारच्या वस्तीवरून कडुलिंबाचे ढाळे आणले होते, तो कडवट वास मला आजही कुठल्याही मांडवात येतो. जेवणात बुंदी होती. तिची एक पातेली रात्री झाकून ठेवली आणि तीच पुढं चार दिवस कारखान्याच्या वाटेवर गाडीत खाल्ली गेली. हळदीच्या पायांनी फडात गेली असं बायका म्हणतात, ते अक्काच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. लग्नाचा खर्च दादांनी त्यांच्या उचलीतून केला, आणि तिकडं जावयाला नवा कोयता झाला म्हणून नवी उचल मिळाली. लग्नासाठी पैसा लागतो, पैशासाठी उचल लागते, उचलीसाठी जोडी लागते, जोडीसाठी लग्न लागतं. मी हिशेबाचं शिक्षण घेतलं तेव्हा हे चक्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, पण आमच्या शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणीकडच्या कुठल्याही दहा वर्षांच्या पोराला ते तोंडपाठ असतं. काही लग्नं तर गावातही लागत नाहीत. पट्टा, म्हणजे तोडणीचा हंगाम, सुरू झाल्यावर कारखान्यावरच उरकतात, त्याला गेटकेन म्हणतात. गेटकेन म्हणजे खरं तर कारखान्याच्या गेटवर येणारा, कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस.

दादांना मी पुष्कळ वर्षं मनातून दोष दिला. आता तसा देववत नाही. सहा महिने आई-बाप नदीकाठच्या मुलखात आणि वयात आलेली पोरगी गावात म्हाताऱ्या आजीजवळ, या कल्पनेनं त्यांची झोप उडायची. बरोबर न्यावी तर कोपीला, म्हणजे तळावरच्या झोपडीला, दार नसतं. पाचटाची नाही तर ताडपत्रीची कोपी, आणि आजूबाजूला अनोळखी टोळ्या, ट्रकवाले. लग्न करून दिलं की जबाबदारी एका माणसाच्या नावावर लागते, आणि ते माणूस रात्री कोपीच्या तोंडाशी झोपतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं; राज्याचा आकडा याच्या जवळपास निम्मा आहे. हा आकडा आला की अडाणीपणा, जुन्या रूढी असं बोललं जातं. आमच्या घरी रूढीपेक्षा भीती जास्त होती, आणि भीतीच्या जोडीला मुकादमाची वही.

आणि मी? अक्का गेली म्हणून घरात एक खाणारं तोंड कमी झालं, आणि आजीजवळ राहायला मी उरले. मी धाकटी, अंगानं किडकिडीत, मोळी उचलण्याजोगी नव्हते. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं की दोन वेळचं जेवण तिथं मिळायचं. माझी दहावी, बारावी, पुढं बीडला कॉलेज, हे सगळं दादा-मायच्या कोयत्यावर झालं. पण शेवटच्या वर्षी मायची कंबर गेली आणि त्यांचा कोयता मोडला, तेव्हा परीक्षेच्या फीचे पैसे अक्कानं पाठवले. वाढ्याचे पैसे होते ते.

वाढ्यांबद्दल सांगायला हवं. ऊस तोडल्यावर वरचा हिरवा शेंडा उरतो, ते वाढं. जनावरांना चालतं. बायका संध्याकाळी त्याच्या पेंढ्या बांधतात आणि आसपासचे गोठेवाले, दूधवाले येऊन घेऊन जातात. हा रोख पैसा. उचलीत धरला जात नाही, वहीत चढत नाही, बाईच्या कमरेच्या पिशवीत जातो. तेल, मीठ, पोराचं औषध, बांगड्या, यातून निघतं. अख्ख्या साखरेच्या व्यवहारात अक्काच्या हातात स्वतः मोजून घेतलेला पैसा तेवढाच, शेंड्याचा. उसाचं खालचं सगळं कारखान्याचं, वाहतूकवाल्याचं, मुकादमाचं, नवऱ्याचं. एकदा फेब्रुवारीत मी तिच्याकडं कराडच्या पुढं, कृष्णाकाठच्या एका थळात दोन दिवस राहिले होते. पहाटे तीनला ती उठली. चुलीवर भाकरी, धुरानं डोळे लाल, आणि सगळ्या रानावर मळीचा तो आंबूस-गोड वास, जो कपड्यांतून आठवडाभर जात नाही. फडात दाजी सपासप तोडत पुढं जायचे आणि अक्का मागून पाला साळत, गोळा करत, वाढ्याचाच बंध वळून मोळी बांधायची. उसाची पानं कातरीसारखी असतात, माझे हात तासाभरात ओरखडले. मग ट्रक लागला. फळीवरून, डोक्यावर मोळी, वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. मी मोळी उचलून पाहिली आणि गुडघ्याच्या वर गेली नाही. अक्का हसली, म्हणाली, "तू आपली लिव्हायचंच काम कर."

त्या दोन दिवसांत मला जे दिसलं ते मी आजवर नीट कुणाला सांगू शकले नाही, कारण ते माझ्या रागाशी जुळत नव्हतं. अक्का तिथं मोकळी होती. सासू गावात. डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला. बाजारच्या दिवशी ती आणि तिच्या टोळीतल्या दोघी ट्रॅक्टरवर बसून गेल्या, भजी खाल्ली, एकीनं गॉगल घालून फोटो काढला. चिठ्ठीवर टन कमी लावला म्हणून चिटबॉयशी, कारखान्याच्या त्या माणसाशी, ती अशी भांडली की दाजी बाजूला उभं राहून तंबाखू मळत होते. कुठल्या कारखान्याचा काटा खरा, कुठला मुकादम पैसे बुडवतो, कोणत्या गावात पाणी भरू देतात, कोल्हापूरकडचा ऊस जड कसा आणि निपाणीकडं भाषा बदलते ती कुठून, हे तिला सगळं पाठ. गावाकडं तीच बाई घरातल्या पुरुषांपुढं खाटेवर बसत नाही.

माझी आजी याहून निराळी गोष्ट सांगायची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती, पुढं रोजगार हमीच्या कामावरही. तळ्याच्या भरावावर, रस्त्यावर. सुकडी खाल्लेली, मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्या. ते दिवस वाईटच होते, पण एक गोष्ट सांगताना तिचा आवाज बदलायचा. मस्टरवर कारकून नाव वाचायचा. नवऱ्याचं वेगळं, तिचं वेगळं. तिचं नाव वाचलं की ती 'हाजर' म्हणायची आणि आठवड्याला पगार वाटला की स्वतःचा अंगठा उठवायची. आजी मेली तोवर डाव्या अंगठ्याकडं बघून म्हणायची, सरकारच्या कागदावर हा लई वेळा उठलाय. रोजगार हमीच्या बायकांवर लिहिणाऱ्यांनी मजुरीच्या दराबद्दल पुष्कळ लिहिलंय, नावाच्या हाकेबद्दल मी कुठं वाचलं नाही. आजीनं खडी फोडली, नातीनं ऊस तोडला. आजीची स्वतःची ओळ होती, नात अर्ध्या ओळीत आली.

२०१४ मध्ये एका दुपारी अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पिशवी काढून टाकली." दाढ काढली म्हणावं तसं. एकोणतीस वर्षांची होती. अंगावरून जायचं, पोटात दुखायचं, आणि दर महिन्याला तीन-चार दिवस खाडा पडायचा. खाडा म्हणजे मजुरी बुडाली एवढंच नाही, वर दंड, आणि तो दोघांच्या ओळीतून. डॉक्टरनं सांगितलं पुढं कॅन्सर होईल, काढलेली बरी. तिच्या टोळीतल्या चौघींनी आधीच काढलेली. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून घेतले, म्हणजे पुढच्या हंगामाची उचल तिथंच सुरू झाली. २०१९ मध्ये यावर ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मी तो आकडा ऑफिसात, डबा खाताना वाचला. तक्त्यातल्या आकड्यांची मला सवय आहे. त्या दिवशी डबा तसाच घरी परत आणला. इतक्या मोठ्या संख्येत एक माझी बहीण आहे, आणि तिनं फोन केला तेव्हा मी मीटिंगला निघाले होते म्हणून 'नंतर करते' म्हणाले होते, हे आठवत राहिलं. अक्का आता चाळिशीची आहे, पाठ दुखते, रात्री अंगाचा भडका होतो, आणि मोळी तेवढीच जड आहे.

जनगणनेच्या फॉर्मात स्थलांतराचं कारण विचारतात. नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर, अशी घरं असतात. देशातल्या स्थलांतरित बायकांपैकी बहुतेकींच्या पुढं 'लग्न' येतं. अक्काच्या पुढंही तेच येणार, ती पाटोद्याकडून शिरूरकडं गेली ती लग्न होऊनच. ते खोटं नाही. पण त्या एका शब्दाच्या पोटात कराड आहे, निपाणी आहे, चोवीस हंगाम आहेत, ट्रकची फळी आहे. २०११ ची गणना फेब्रुवारीत झाली, आणि फेब्रुवारीत आमच्या गावात गेलात तर कुलपं दिसतात, म्हातारी माणसं दिसतात, ओट्यावर बांधलेली दोन शेरडं दिसतात. मी पुण्याला आले ती नोकरीसाठी, माझ्यापुढं 'नोकरी' लागेल. आम्ही दोघी एकाच घरातून, एकाच कारणानं बाहेर पडलो. पावसानं पोट भरत नाही, हे ते कारण.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये अक्काच्या खात्यावर पहिले तीन हजार आले, दोन महिन्यांचे एकदम. तिनं फोनवरचा मेसेज मला पाठवला, मग लगेच फोन केला, "आलं का गं खरंच?" मी हो म्हटल्यावर थोडा वेळ बोललीच नाही. त्याच वर्षी जानेवारीत, संपानंतर, तोडणीचे दर चौतीस टक्क्यांनी वाढले होते. आमच्यासारख्या घरांना ती किती मोठी गोष्ट होती हे वेगळं सांगायला नको. पण ती वाढ दाजींच्या ओळीत गेली आणि उचलीत जिरली. अक्काला ती कधी 'आली' असं वाटलंच नाही. ओवाळणीचे दीड हजार मात्र तिच्या नावावर आले. मला त्याचा आनंद झाला आणि पाठोपाठ घशाशी काहीतरी आलं. चोवीस वर्षं जिनं घाम गाळला तिच्या नावानं बँकेत पडलेला पहिला पैसा मजुरीचा असायला हवा होता. तो बहीण म्हणून आला, कामगार म्हणून आला नाही. हे मी तिला बोलले नाही. तिनं त्यातून भाचीला दप्तर घेतलं, स्वतःला घोट्यापर्यंतचे बूट घेतले, फडात साप निघतात म्हणून, आणि उरलेले तसेच ठेवले.

भाची आता सोळाची आहे. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं जी वसतिगृहं निघाली त्यातल्या एकात राहून शिकते. चष्मा लागलाय, गणित आवडतं. बापासारखी उंच आणि हाडापेरानं मजबूत आहे, आणि हीच गोष्ट गावातल्या माणसांच्या नजरेत भरते. दोन ठिकाणांहून विचारून गेलेत.

दसऱ्याच्या आधी मी सुट्टी काढून अक्काकडं गेले होते. संध्याकाळी मुकादम आला. गावातलाच, नात्यानं चुलत सासरा लागतो. ओसरीवर बसला, चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या, मग त्यानं खिशातून ती लांबट वही काढली आणि दाजींना विचारलं, "औंदा काय धरू? पोरगी येती म्हणल्यावर दीड कोयता?" दीड म्हणजे उचल दीडपट. घराच्या मागच्या खोलीवर पत्रे टाकायचे राहिलेत, ते त्यातून होतात. पुढच्या साली लग्न करून दिलं की सुटलं, असंही तो सहज म्हणून गेला, आपुलकीनं. दाजी जमिनीकडं बघत बसले. मी चौकटीत उभी होते. या वेळी तरी बोलायचं असं मनाशी ठरवलं होतं, तोंडही उघडलं होतं.

त्याआधीच अक्का आतून आली. हात पिठाचे होते. पुरुषांपुढं ती बसत नाही, तशी उभीच राहिली.

"एकच लिव्हा, मामा," ती म्हणाली. "आन् आमच्यातला अर्धा हिकडं लावायचा."

तिनं पदराला हात पुसले आणि फळीवरच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढून त्याच्या वहीशेजारी ठेवलं. मुकादमानं ते उघडलं नाही. दाजींकडं पाहिलं. दाजींनी बराच वेळ काही म्हटलं नाही, मग खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं केलं, कारण मुकादमाचं पेन चालत नव्हतं.